मु. पो. औट्रम घाट

मराठी माणसाचा पत्ता मुळातच 'मुक्काम' या शब्दानं सुरू होतो. मु. पो. कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. सातबारा नावावर असो, बंगल्याला ग्रॅनाइट लावलेलं असो, टपालाच्या लेखी आपण तिथं उतरलेलो आहोत, एवढंच. राहुटी, पाल, डेरा, तळ, पडाव, छावणी, कोपी, वस्ती, बिऱ्हाड असे शब्द भाषेत ढिगानं पडलेले असताना हौसेनं बाहेर झोपण्यासाठी मात्र आपल्याला 'कॅम्पिंग' हा शब्द बाहेरून आणावा लागला. कारण उघड आहे. बाहेर झोपण्याचे प्रसंग आपल्याकडे पुष्कळ होते, हौस नव्हती. मेंढरं होती, व्यापार होता, लढाई होती, वारी होती आणि शेवटची एसटी चुकणंही होतं. हौस अलीकडची, आणि ती एकटी आली नाही; घडीची खुर्ची, घडीचं टेबल, घडीची शेगडी आणि घडी पुन्हा कशी घालायची हे कुणालाच न कळणारा तंबू बरोबर घेऊन आली. माझं म्हणणं असं की मुक्काम ही जागेची कला आहे, सामानाची नव्हे. आणि या दाव्याला कन्नडच्या घाटाइतका जुना, अनुभवी आणि कुणाची भीड न धरणारा साक्षीदार दुसरा मिळायचा नाही.

कागदोपत्री हा औट्रम घाट. खानदेशात १८२५ साली भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव त्याला चिकटलं. लोकांच्या तोंडी मात्र तो कन्नडचा घाट. सातमाळ्याच्या माथ्यावर कन्नड, पायथ्याशी खानदेशातलं चाळीसगाव, आणि मधल्या वळणांवरून राष्ट्रीय महामार्ग ५२. पावसाळ्यात इथं ढग रस्त्यावर उतरतात, कड्यांवरून पाणी सुटतं, आणि अशा वेळी कणसाला लिंबू-मीठ चोळता चोळता 'इथंच तंबू ठोकून राहावं' असं ज्याला वाटत नाही, त्याच्या काळजाची तपासणी करून घ्यावी. पण या वाटण्यात एक साधी चूक आहे. देखावा दिवसा असतो आणि मुक्काम रात्री. सूर्य मावळल्यावर जगातला सर्वांत सुंदर घाट आणि स्वतःच्या घरामागची भिंत यांत डोळ्यांना काडीचा फरक कळत नाही. देखाव्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे चालता माणूस: वळण आलं की दरी पुढे येते, वळण संपलं की मागे जाते. तंबू ठोकणारा एक दृश्य निवडतो, त्याच्याकडे दार करतो, आणि अंधार पडताच दाराची चेन ओढून आत बसतो. डास येतात ना!

आता ज्यांना घाट ओलांडण्यावाचून गत्यंतरच नव्हतं, त्यांच्याकडे पाहू. ते मुक्काम करत, पण घाटात नव्हे. एक तर पायथ्याशी, नाही तर माथ्यावर. बैलगाडीचं गणित सरळ होतं. चढण बैलांच्या ताज्या खांद्यांवर आणि सकाळच्या गारव्यात उरकायची, म्हणून आदली रात्र खाली काढायची. घाटाच्या दोन्ही टोकांना बाजाराची गावं रुजतात त्याचं मोठं कारण हेच. मधल्या वळणावर मात्र कधी गाव वसत नाही. तिथं डोक्यावर कडा, पायाखाली दरी आणि दोहोंच्या मध्ये दुसऱ्यांची चाकं असतात. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसानं या घाटात ठिकठिकाणी दरडी आणल्या, वाहनं अडकली आणि रस्ता बंद करावा लागला. घाटाच्या मध्यावर राहायचं का, या प्रश्नाचं उत्तर खुद्द घाटानंच दिलं. सक्तीच्या मुक्कामाचा अनुभव ट्रकवाल्यांना तर वर्षानुवर्षं होता. एक ट्रक वळणावर आडवा झाला की मागची रांग तासन्‌तास जागची हलत नसे. मग चाकांना दगड, ट्रकखाली चादर आणि जिथं थांबला तिथं संसार. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं ऑगस्ट २०२३पासून जड वाहनांना हा घाट बंद झाला. निसर्गाच्या सान्निध्यातली ती फुकटची रात्र गेली म्हणून कुणा ट्रकवाल्यानं हळहळ व्यक्त केल्याचं काही ऐकिवात नाही.

जागा निवडणं म्हणजे काय, हे पाहायचं तर घाटावरून पितळखोऱ्याला वाकडी वाट करावी. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून बौद्ध भिक्षूंसाठी ही लेणी खोदली गेली. भिक्षूंचा नेम असा की एरवी हिंडायचं आणि पावसाळ्याचे महिने एका जागी काढायचे. म्हणजे आपण ज्या दिवसांत उत्साहानं तंबू घेऊन बाहेर पडतो, नेमक्या त्याच दिवसांत ही भटकी मंडळी छपराखाली जात, आणि छप्परही असं की अख्खा डोंगरच डोक्यावर. तरी पाणी झिरपणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आतलं पाणी बाहेर काढायला खडकात नाली खोदली, आणि पायऱ्यांच्या बाजूला पाणी सोडणारा पाच फण्यांचा नागही कोरला. गळतीची तक्रार न करता तिचं शिल्प करणारी माणसं ही! खर्चाचीही सोय होती: पैठणच्या एका गंधिकानं, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्यानं, खांबासाठी दान दिल्याचा लेख तिथं आहे. आजच्या भाषेत प्रायोजक. इथंच मिळालेली, कान्हदास नावाच्या सोनारानं घडवलेली एक यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, ढेरपोट्या, आणि चेहऱ्यावर पसरलेलं हसू. दोन हजार वर्षं तो कशाला हसतोय, याबद्दल विद्वान काय म्हणायचं ते म्हणोत. मला विचाराल तर त्यानं पावसात तंबूची काठी शोधणारा माणूस पाहिला असावा.

इथं चाणाक्ष वाचक मला अडवील. 'सामान वाईट म्हणता, मग बंजाऱ्यांचं काय? त्यांच्याइतकं सामान कुणी वाहिलं?' आक्षेप वजनदार आहे, अक्षरशः. कन्नड तालुक्यात आज जे तांडे गावं होऊन स्थिरावले आहेत, त्यांच्या पूर्वजांनी लमाणी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा देश पालथा घातला. तांडा म्हणजे मुळात चालता काफिलाच. पण ते ओझं स्वतःच्या सुखासाठी नव्हतं, विकण्यासाठी होतं. शिवाय रात्री गोण्या उतरवून त्यांचाच कोट रचायचा आणि आत निर्धास्त झोपायचं. म्हणजे माल तोच, भिंतही तीच. आपल्या सामानाचा हिशेब उलटा असतो. त्यातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला सांभाळायला आलेली असते: शेगडीसाठी गॅस, गॅससाठी पेटी, पेटीसाठी मोठी गाडी, आणि मोठी गाडी लावायला सपाट जागा, जी घाटात नसते. बंजाऱ्यांनी देशभर मीठ पोचवलं. आपण एवढा पसारा घेऊन निघतो आणि नेमकं मीठ घरी विसरतो.

सामानाचा लोभ माणसाला कुठवर नेतो, याचा पुरावा कन्नडच्या वाटेवरच आहे. औरंगजेबाच्या काश्मीरच्या सफरीचं वर्णन करणारा फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो की बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहा झोपलेला, आणि दुसरा, ज्याला पेशखाना म्हणत, तो पुढच्या मुक्कामावर उभा राहिलेला. इतकी चोख व्यवस्था आजच्या कुठल्याही सहल-कंपनीला जमायची नाही. पण सोय इतकी झाली की घराची ओढ संपली. १६८१ साली दक्षिणेकडे निघालेला हा माणूस १७०७ साली अहमदनगरजवळ मरेपर्यंत दिल्लीला परतलाच नाही. इतिहासकार याची राजकीय कारणं देतात, तीही खरीच. पण चालत्या राजधानीत सगळंच मिळत असल्यावर परतायची निकड वाटणार कशी? आणि शेवट पाहा. वेरूळ-कन्नडकडे जाताना खुलताबाद लागतं, तिथं त्याची कबर आहे. साधी, आणि डोक्यावर उघडं आभाळ. पंचवीस वर्षं कनाती वाहून अखेर जे मिळालं, ते धनगराला रोज रात्री फुकट मिळतं.

यावर हौशी मंडळी म्हणतील, 'ठीक आहे, सामान कमी करतो, पण घाटातच राहू द्या.' इथं माझ्याआधी कायदाच हात आडवा घालतो. घाटाच्या आसपासचं रान म्हणजे १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या कलम २७नुसार अभयारण्यात परवान्याविना कुणाला शिरता येईल, त्याची छोटीशी यादी आहे. तीत सार्वजनिक रस्त्यानं पार होणारा माणूस आहे. शब्द नीट पाहा: पार होणारा. पहिली खुंटी ठोकली की आपण त्या यादीतून बाहेर पडलो. पुढचं सगळं परवान्यानं. प्राण्यांना त्रास देऊ नये, कचरा टाकू नये, धोका होईल अशी आग पेटवू नये, अशीही कलमं आहेत. कायदा करणाऱ्यांनी आपल्या सहलीचा कार्यक्रम आधी वाचूनच तो लिहिला की काय, अशी शंका येते. बाटल्या, शेकोटी, माकडाला वेफर: एकही बाब सुटलेली नाही.

शेवटचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'बैलगाडीवाले, बंजारे, धनगर यांचे दाखले देता, पण तो त्यांचा नाइलाज होता. नाइलाजाला कला म्हणणं ही भरल्या पोटाची चैन नाही का?' आहे, आणि हे मान्य केलंच पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला याच भागातून ऊसतोडीची कुटुंबं ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळी आणि लेकरं घालून निघतात आणि कारखान्याच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत पुढचे काही महिने काढतात. त्याला कुणी कॅम्पिंग म्हणू नये. कोपी आणि तंबू यांत फरक कापडाचा नसून खिशातल्या किल्लीचा आहे. ज्याच्या खिशात कुलूपबंद घराची किल्ली आहे, त्याचीच बाहेरची रात्र गंमत ठरते. पण म्हणूनच माझा मुद्दा पक्का होतो. किल्ली खिशात आहेच, तर घर पाठीवर कशाला? बिऱ्हाड पाठीवर घ्यायचा हक्क म्हणीनं विंचवाला दिला आहे, आणि त्याचं बिऱ्हाड म्हणजे नुसती नांगी. पांघरूण, विजेरी, पाणी, औषधं आणि भाकरी-ठेचा एवढं जरूर घ्यावं. विंचवाची मुद्दाम आठवण केली ती बूट झटकून घालण्यासाठीही. त्यापुढच्या प्रत्येक वस्तूला 'तू घरी का नाही थांबत?' असं विचारावं. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ मजल दरमजल करत गौताळ्यात पोचला. सोबत काहीही नव्हतं. पाणी कुठं, सावली कुठं, सावज कुठं, एवढंच त्यानं पाहिलं आणि राहिला.

वाघाचं उदाहरण फार उंचीवरचं वाटत असेल, तर खाकी कपड्यांतलं घ्यावं. आपल्या एसटीला 'मुक्कामी गाडी' नावाचा एक प्रकार आहे. रात्री शेवटच्या गावाला पोचायचं, ड्रायव्हर-कंडक्टरनं देवळाच्या ओट्यावर, पंचायतीच्या पडवीत नाही तर गाडीतल्याच बाकावर आडवं व्हायचं आणि उजाडायच्या आत दुधाच्या किटल्यांसकट परतीला लागायचं. त्यांच्याजवळ एक वळकटी आणि एक डबा. त्यांना कुणी ट्रेकर म्हणत नाही आणि त्यांच्या मागे एक पत्रावळही उरत नाही. कुठल्या गावच्या ओट्याला वारा लागतो, कुठल्या पडवीत डास कमी, कुठं रात्री हाक मारली तर पाणी मिळतं, हे त्यांना पाठ असतं. कन्नडच्या माथ्यावर रात्र काढायची हौस असेल त्यानं दुकानात जाण्याआधी अशा एखाद्या कंडक्टरला गाठावं. तो सांगेल ते ऐकावं, आणि पत्ता लिहिताना आपण रोज जो क्रम पाळतो तोच इथंही पाळावा. मु. आधी, पो. नंतर. आधी जागा बघावी. सामान काय, पोस्टानंही मागवता येतं.