शा. शि.चा तास

दोनशिक्षकी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणजे ज्याच्या गळ्यात शिट्टी, तो. शिक्षण हक्क कायद्यानं आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देऊ केला आहे खरा, पण तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर गेला तर. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या पहिली ते चौथीच्या शाळेच्या नशिबात ही दोन्ही सुखं नाहीत. त्यामुळं परिपाठानंतर मी मराठी असतो, मग गणित, दुपारी खिचडीची चव घेऊन रजिस्टरवर सही करणारा अधिकारी, आणि शेवटच्या तासाला शारीरिक शिक्षण. शिट्टी मॅडमकडंही जाऊ शकली असती. पण ती मी आधी तोंडात घातली होती.

वेळापत्रकात या तासापुढं 'शा. शि.' एवढंच लिहिलेलं असतं. चौकटीत पूर्ण नावाला जागा आहे, पण त्याची तेवढी ऐपत नाही. हा तास म्हणजे गावातला हातपंप. ज्याला लागेल तो येतो आणि उपसून जातो. भागाकार राहिला, शा. शि.तून घ्या. ऑनलाइन माहिती आज संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे, शा. शि.त भरा. पालक सभा, झाडं लावतानाचे फोटो, आधार कार्डावरचं चुकलेलं आडनाव, सगळं साडेतीननंतर. उलटं घडलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही. "आज खो-खोचा डाव अर्धा राहिला, उद्या गणिताच्या तासाला पूर्ण करू" असं म्हणणारा गुरुजी अजून जन्माला यायचा आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. एका प्रशिक्षणात हे ऐकवलं गेलं तेव्हा मागच्या रांगेतून एक गुरुजी म्हणाले, "आमच्या पोरांचे साठ मिन्टं शाळंत येऊस्तोर संपतेत." खोटं नाही. शेतातल्या आखाड्यावरून नाला ओलांडून येणारी पोरं आहेत. घंटा व्हायच्या आत ती चिंचेवर चढून, खिसे भरून, उतरलेली असतात. बालभारतीच्या पुस्तकाचं नावच 'खेळू, करू, शिकू'. त्यातली पहिली दोन कामं पोरं माझ्याशिवाय करतात. माझा पगार तिसऱ्या शब्दाचा.

तेव्हा अशा पोरांना शिकवायचं काय? पळणं येतं, चढणं येतं, ढकलणं तर उपजतच येतं. येत नाही ते एकच, स्वस्थ उभं राहणं. 'सावधान' म्हटलं की पहिलीच्या वर्गाला एकाच वेळी खाज सुटते. एकाची चड्डी नेमकी तेव्हाच घसरते. एक जण शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून आभाळातलं विमान बघतो. मग मागून आवाज येतो, "सर, एकीला जाऊ?" एकाला परवानगी दिली की अख्खा वर्ग निघतो, आणि मुतारीकडं जाताना मात्र त्यांची रांग अशी सुरेख लागते की २६ जानेवारीला मामलेदारासमोर काढावी.

खरी परीक्षा 'उजवीकडं वळ' या आज्ञेची. मी पोरांसमोर तोंड करून उभा राहतो आणि उजवा हात वर करतो. पोरं माझ्या हाताच्या समोरचा हात वर करतात, म्हणजे डावा. मी सुधारतो, डावा वर करतो. तेवढ्यात हुशार पोरांच्या लक्षात आलेलं असतं की सर उलटं दाखवतात, म्हणून ती आणखी उलटं करतात. जेवायचा हात तो उजवा, हा सर्वमान्य उपाय. तो आमच्याकडं एका डावखुऱ्या पोरीनं मोडीत काढला. तिचं बघून शेजारची तिच्या बाजूला वळली, आणि दोन मिनिटांत वर्गाचे दोन पक्ष झाले.

शेवटी तिसरीतल्या एकानं मार्ग सुचवला. "सर, उजवा म्हंजी सर्जा जुंपतेत तिकडचा का?"

पोराच्या डोक्यात गाडी जुंपलेली होती. औताला कोणता बैल कोणत्या अंगाला चालतो हे इथल्या पोराला स्वतःच्या वाढदिवसाच्या आधी कळतं. मी खूश झालो. म्हटलं, पोरांहो, सर्जाकडं वळा! निम्मा वर्ग झोकात उजवीकडं वळला, निम्मा डावीकडं. चौकशी केली तेव्हा कळलं की खालच्या आळीत सर्जा डाव्या अंगाला जुंपतात. "तुमचा सर्जा नवा हाय, त्याला आजून वळण नाही," असं वरच्या आळीचं म्हणणं. यावरून जी मारामारी झाली तिच्यात त्या दिवशीची ६० मिनिटं भरून निघाली. शिवाय ज्यांच्या घरी आता बैलच नाहीत, ट्रॅक्टर आहे, ती पोरं मधोमध तशीच उभी होती. एकानं तर विचारलं, "सर, आमचं ट्रॅक्टर कोन्या अंगाला?"

सर्जाचा वाद मिटेना, म्हणून उड्यांवर आलो. उड्यांना डावं-उजवं नसतं. पण हिंगोली जिल्ह्यात उड्या मारायलाही काळीज लागतं. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात हे वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्याच वर्षी १० जुलैला सव्वासाताच्या सुमारास पुन्हा तेवढाच. तेव्हापासून गावाचे कान जमिनीला लागलेले. आम्ही व्हरांड्यात जागच्या जागी उड्या सुरू केल्या की पत्रा थरथरतो आणि शेजारच्या घरातली आजी कपाळाला हात लावून अंगणात येते. "गुर्जी, तुमी हाव का ते खालचं हाय?" असं विचारून, खात्री करून, मग आत जाते. आता उड्यांआधी एका पोराला तिच्याकडं निरोप द्यायला पाठवतो. त्याची त्या दिवशीची उडी माफ.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. खर्च २,६०० कोटींचा. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि काम काय तर अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणं. प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही हजारो पटींनी बारीक हालचाल ती टिपणार म्हणे. शास्त्रज्ञांनी जागा निवडताना सगळा विचार केला असेल. आमच्या दुसरीच्या वर्गाच्या उड्यांचा केला आहे का, हे कुणीतरी त्यांना विचारायला हवं.

शारीरिक शिक्षणाला जोडून आरोग्य येतं. म्हणजे गोळ्या येतात. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन. २०१५ पासून तो पाळतात. १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल, आमच्या वयोगटाला ४०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी, आणि ती गिळायची नाही, आमच्यासमोर चावून खायची. पोरांचा गोळीला विरोध नसतो, गोड लागते. विरोध असतो घरून. एक आजी नातवाचं बखोट धरून शाळेत आली. "आमच्या घरात कोन्हाला जंत नाहीत. खानदानी घर हाय आमचं. तुमाला असतील तर तुमी खा." मी सांगितलं, जंत खानदान बघत नाहीत, अनवाणी पाय आणि न धुतलेले हात बघतात. आजी म्हणाली, "मंग आधी तुमी खाऊन दावा." एकोणीस वर्षांची मर्यादा तेवढ्यापुरती कामी आली. नातवानं तोवर गोळी चावून टाकली होती आणि तो दुसरी मागत होता.

हात धुण्याचं मात्र बरेच दिवस काही जमत नव्हतं. भिंतीवर सहा पायऱ्यांचं चित्र आहे. पोरं त्या पायऱ्या हवेत फार छान करतात. पाण्याखाली हात गेला की चित्र संपतं. साबण ठेवावा तर कावळा नेतो. ही अतिशयोक्ती नाही, कावळ्याला साबणाची चटक असते. म्हणून आमचा साबण जुन्या मोज्यात बांधून नळाला टांगलेला असतो. तो मोजा कुणाचा, हा प्रश्न पाहुण्यांनी विचारू नये.

आणि मग हळदीचा हंगाम आला. आमचा जिल्हा हळदीचा. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात. फेब्रुवारी-मार्चात शिवारभर हळद काढणं, शिजवणं, वाळवणं चालू असतं, आणि लेकरं सकाळी दोन हात मदत करून शाळेत येतात. नखं तपासावी तर सगळा वर्ग हळद लावलेल्या नवरा-नवरींचा. दुसरीतली एक पोरगी अशीच पिवळेधमक तळवे घेऊन खिचडीआधी नळावर गेली. मोज्यातला साबण कपड्याचा होता, जरा तिखट. तिनं तो तळव्यावर घासला आणि किंचाळली, "सर, रगत येऊ लालं!"

मी धावलो. तळवे लालभडक, फेस लाल, बोटांच्या बेचक्यांतून लाल ओघळ. पोरगी रडतेय, मागची पोरं एकेक पाऊल मागं सरकतायत, आणि चौथीतला एक मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणतोय, "दवाखान्यात न्यावं लागंल." मी पाणी ओतलं. जखम नाहीच. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, साबण अल्कली. जुन्या पद्धतीचं कुंकूही हळदीला चुना लावूनच लाल करत. हे सगळं मी नळापाशीच सांगितलं. ऐकून घेतलं एकानंच. बाकीचे आपापले तळवे साबणावर घासत होते.

दुसऱ्या दिवसापासून नळावर रांग. ज्यांच्या घरी हळद नाही ते शेजाऱ्याकडून कागदाच्या पुडीत घेऊन येऊ लागले. लाल झालेला हात पूर्ण पांढरा होईस्तोवर चोळायचा, अशी पैज लागायची, त्यामुळं नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, चित्रातली सहाच्या सहा ठिकाणं आपोआप धुतली जाऊ लागली. चौथीतल्या त्या डॉक्टरनं पुढं जाऊन चिंचेचा कोळ लावून लाल फेस पुन्हा पिवळा करून दाखवला. आंबट लागलं की रंग परत फिरतो, हे मी सांगायच्या आत त्याच्या खिशातल्या चिंचेनं सांगितलं. साबणाचा खर्च दुप्पट झाला. कावळासुद्धा आता दुरूनच बघतो. एका आईनं रस्त्यात गाठून विचारलं, "सर, डब्यातली हळद रोज कमी होऊ लाली, तुमी काय शिकवू लालेत लेकराला?" आरोग्य, म्हटलं. तिला ते पटलं नसावं.

हळदीनं आरोग्य सुधारलं, पण शारीरिक शिक्षणाची वाट अडवली तीही हळदीनंच. गावात सपाट, मोकळी, कुंपण असलेली जागा एकच, आमचं मैदान. शिजवलेली हळद वाळवायला दहा-पंधरा दिवस उन्हात पसरावी लागते. एकाची उचलली की दुसऱ्याची येते. सोयाबीनच्या वेळी सोयाबीन असतं, लग्नाच्या तिथीला मांडव असतो. कुणाला नाही म्हणायचं? ज्याची हळद पसरलेली असते त्याचंच लेकरू व्हरांड्यात हात बांधून उभं असतं.

आणि आमचा खो-खो नेमका तेव्हाच जमायला लागलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे. मी तो अंतिम सामना मोबाइलवर पोरांना दाखवला. त्यानंतर 'खो' म्हणताना पोरं पाठीत जो रट्टा घालू लागली त्याचा खेळाडूंशी काही संबंध नाही, ते आमचं स्वतःचं. पहिल्यांदा एकाला खो दिला की आठही जण उठून पळायचे. हळूहळू सात जण बसून राहायला शिकले, आणि बसून राहणं ही आमच्याकडं केवढी मजल आहे हे वर सांगितलंच आहे. खो-खोत एकाआड एक तोंडं विरुद्ध दिशेला असतात, उठल्यावर ज्या बाजूला निघालात तिकडूनच पळायचं, मागं फिरायचं नाही. म्हणजे डावं-उजवं आलंच. ते आता सगळ्यांना येतं. खालच्या आळीलासुद्धा. आज्ञा देऊन जे वर्षभर जमलं नव्हतं ते फाउल होण्याच्या भीतीनं आठवड्यात जमलं.

दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला जातात आणि जाताना माझे दोन चांगले पळणारे घेऊन जातात. त्यावर माझ्या शिट्टीचा इलाज नाही. पण जे गावात आहेत त्यांच्यासाठी फक्कीनं आखलेल्या दोन रेघा आणि दोन खांब पुरतात, आणि चाळीस मिनिटं, ज्यांच्यातून कुणी भागाकार काढणार नाही.

म्हणून गावकऱ्यांना एवढंच सांगणं, हळद जरूर वाळवा, पण मैदानाच्या पूर्व अंगाला वाळवा. पूर्व कोणती, हे आपल्या लेकराला विचारा; फक्त सर्जाला मध्ये आणू नका.