पिठलं-भाकरी, दोन प्रतींत

लोहगडवाडीत पावसाळ्यातल्या रविवारी दोन गोष्टी मिळत नाहीत: गाडी लावायला जागा आणि बिल लिहायला मोकळा माणूस. म्हणून आमच्या मामांनी खानावळीसाठी एक जुना कॉम्प्युटर आणि त्याहून जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पैदा केला. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा हा प्रिंटर कसा काय वगळला गेला कोण जाणे.

"मामा, नवा घ्या की."

"नव्यात कार्बन चालंल का?"

वाद तिथेच मिटला. डॉट मॅट्रिक्सची सुई रिबनवर आपटते, म्हणून खालची प्रतही उठते. इंकजेटला हे जन्मात जमायचं नाही.

कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, म्हणजे भाचा अडकला. केबलच्या एका टोकाला २५ पिना, प्रिंटरकडच्या टोकाला ३६. बायोसमध्ये पॅरलल पोर्टच बंद करून ठेवलेला. तो चालू केला. मग मॉड्यूलं: पारपोर्ट हा पाया, पारपोर्ट_पीसी प्रत्यक्ष चिप हाताळतं आणि एलपी प्रिंटरशी बोलतं. इंटरप्ट ठरवून दिला नाही, तर ड्रायव्हर पोर्टला सारखं विचारत बसतो.

"झालं का रं?" मामा.

"होतंय."

"झालं का?"

मॉडप्रोबला मी पत्ता ३७८ आणि इंटरप्ट ७ देऊन टाकला. मामांना असं काही देता येत नाही.

आता छापायला गेलो, तर 'परवानगी नाही'. एलपी नावाच्या गटात नाव असल्याशिवाय लिनक्स प्रिंटरला हात लावू देत नाही. हे सांगताच मामांचा चेहरा खुलला. "कुणाचा गट हाय? सरपंचांचा का?" एवढं लिनक्स त्यांना एका फटक्यात कळलं.

नाव घातलं, प्रिंटर किरकिरला आणि पहिलं बिल आलं. 'पिठलं' डावीकडे, 'भाकरी' मध्यावर, 'ठेचा' उजव्या कडेला; बिल लोहगडाच्या पायऱ्या उतरत होतं. लिनक्स ओळ संपवताना फक्त खाली उतरायला सांगतं, प्रिंटरला मात्र डावीकडे परत जा असंही सांगावं लागतं. प्रत्येक ओळीअखेर कॅरेज रिटर्न जोडला आणि ठेचा ताळ्यावर आला. पायऱ्यांचं बिल मामांनी तरीही एका गिऱ्हाइकाला दिलं. त्याने त्याचा फोटो काढला.

तेव्हा मंडळी, असा प्रिंटर भंगारात घालू नका. लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नसेल, तर यूएसबीची केबल मिळते. तिला पारपोर्ट_पीसी नव्हे, यूएसबीएलपी हे मॉड्यूल लागतं. मात्र ती प्रिंटरपुरतीच. जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल चालवायचा असेल, तर खराखुरा पोर्टच हवा. आणि रिबन दिसली की दोन घेऊन ठेवा.