जित्यात शिरलंय फुलेरा!

ऐकलंत का? आमच्या जिते गावाचं काय झालंय, सांगायचीही चोरी! गणपतीच्या कारखान्यात बाप्पाच्या डोळ्यांची आखणी चाललेली, आणि आखणाऱ्याचा एक डोळा रंगाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर. त्यात काय? ‘पंचायत’! चौथा सीझन आला तो ऐन हंगामात, २४ जून २०२५ ला. झालं, हमरापूर-जोह्यापासून जित्यापर्यंत एकच चिंता : निवडणुकीत दुधी जिंकणार की कुकर?

बरं, मालिकेत आहे काय एवढं? खून नाही, सासू नाही. फुलेरा नावाचं गाव, तेही खोटं. चित्रीकरण मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यातल्या महोडियात. नोकरी मिळेना म्हणून नाइलाजाने आलेला सचिव, कागदावर प्रधान असलेल्या मंजूदेवी आणि कारभार हाकणारा त्यांचा नवरा. पहिल्याच भागात ऑफिसच्या कुलपाची किल्ली हरवते आणि सगळं गाव त्यात गुंततं. याला आमची माणसं पोट धरून हसतात! अहो, याला आपल्याकडे कामकाज म्हणतात.

तो नवराच घ्या. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव. तेव्हापासून ‘सरपंचांचे मिस्टर’ ही असामी गावोगाव. कायद्यात हे पद कुठे सापडत नाही, पण मिटिंगला खुर्ची पहिल्या रांगेत. आणि ग्रामसभा? कोरम नाही म्हणून तहकूब करायची. तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला कोरमच लागत नाही! लेखक कितीही हुशार असो, हे सुचायला सरकारच हवं. सरपंच २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ मध्ये परत जनतेतून. याला सीझन नाही तर काय म्हणायचं?

आणि आमच्या कारखानदारांनी २०२५ मध्ये जे पाहिलं, त्यापुढे फुलेरा पाणी भरेल. जानेवारीत माघी गणपतीच्या तोंडावर हायकोर्टाने सांगितलं, पीओपीची बंदी काटेकोर पाळा. साचे तयार, कच्चा माल भरलेला, आणि सगळे पीओपीसाठी नेमलेल्या समितीच्या अहवालाकडे डोळे लावून. ९ जूनला निकाल : मूर्ती बनवा, विका, पण परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात बुडवू नका. जुलैत आणखी पुढचा भाग : सहा फुटांपर्यंतचे बाप्पा कृत्रिम तलावात, त्याहून उंच असले तर समुद्र खुला. टेप घेऊन बाप्पाची उंची मोजायची वेळ आली, आणि ही मंडळी हसतात कुणाला, तर त्या सचिवाला!

पण खरी लाज वाटावी ती पुढेच. ज्यांची चेष्टा, त्यांना तिचं काहीच नाही हो! इंग्लंडात १९८० साली ‘येस मिनिस्टर’ आली. सचिव मंत्र्याला कसा गुंडाळतो, एवढंच त्यात. पंतप्रधान थॅचरबाईंची ती आवडती मालिका. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी त्याच नटांबरोबर स्वतः एक छोटं प्रहसन केलं, वर लेखनात नावही लावून घेतलं. आपल्याकडे २००१ मध्ये त्याच मालिकेच्या हिंदी अवतारात फारूक शेख ‘जी मंत्रीजी’ झाले. तेव्हाही दिल्ली जागच्या जागी. आणि आता तर ऐका : नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात पहिल्यांदाच वेब मालिकेला बक्षीस द्यायचं ठरलं, ते ‘पंचायत’च्या दुसऱ्या सीझनला. महोत्सव सरकारी, शाबासकी सरकारी! मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने याच मंडळींकडून ‘असली प्रधान कौन?’ नावाचा बोधपट करवून घेतला. विषय? प्रधानपती! चिमटा काढणाऱ्यालाच मलम लावायचं कंत्राट.

शेजारच्या एका गावच्या मिस्टरांना मी विचारलंच, गाव तेवढं विचारू नका. ‘पंचायत’ बघता का हो?

“मॅडम बघतात ना,” ते म्हणाले. “मला कुठला वेळ? दिवसभर ऑफिसात सह्या असतात.”