पाणी न पाहिलेले मासे

ल्युअर-संग्राहक हा गळाने मासे धरणाऱ्यांच्या कुळातला, पण पाण्यापासून कटाक्षाने लांब राहणारा माणूस आहे. तो मुख्यतः अमेरिकेत आढळतो. ल्युअर म्हणजे लाकूड, धातू किंवा प्लास्टिकचे खोटे भक्ष्य: बोटभर लांबीचा रंगवलेला मासा किंवा बेडूक आणि त्याच्या पोटाशी लटकणारे तीन-तीन टोकांचे गळ. सामान्य माणूस तो पाण्यात टाकतो. संग्राहक तो खोक्यात ठेवतो, खोका पारदर्शक पेटीत ठेवतो, पेटी काचेच्या कपाटात ठेवतो आणि कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेवतो.

या छंदाला लागणारी पूर्वपीठिका पुरेशी जुनी आहे. ओहायोतल्या पेन्सव्हिल गावच्या रायली हॅस्केलने 1859 साली धातूच्या माशाचे पेटंट घेतले. मिशिगनमधल्या डोवाजॅक गावी जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा गृहस्थ होता. तो तळ्याकाठी मित्राची वाट पाहत लाकूड तासत बसला होता, कंटाळून त्याने तो तुकडा पाण्यात फेकला आणि बास जातीच्या माशाने त्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून कारखाना उभा राहिला. हेडन, क्रीक चब, फ्लूगर, शेक्सपिअर आणि साउथ बेंड हे संग्राहकांचे पाच मोठे कारखाने. यातला शेक्सपिअर कॅलमझूचा. दुसऱ्या एका शेक्सपिअरने नाटके लिहिली, हे संग्राहकाला ठाऊक असते. पण त्याच्या आवृत्त्यांचे खोके नसल्याने तो विषय पुढे जात नाही.

संग्रहाचे पहिले अंग म्हणजे रंग. एकच लाकडी मासा कारखान्यातून अनेक रंगांत निघे: पांढऱ्या अंगाचा आणि लाल डोक्याचा, इंद्रधनुषी, हिरव्या पट्ट्यांचा, बेडकाच्या ठिपक्यांचा. त्यातला जो रंग मासे धरणाऱ्यांना पसंत पडला तो वर्षानुवर्षे हजारोंनी तयार झाला आणि म्हणून आज त्याला कोणी विचारत नाही. जो रंग कोणाला आवडला नाही, दुकानात धूळ खात पडला आणि पुढच्या वर्षीच्या सूचीतून गुपचूप वगळला गेला, तो आज दुर्मीळ आहे. त्याच्यासाठी संग्राहक सुट्टी काढून तीन राज्ये ओलांडतो. या शास्त्राचा मूलभूत नियम असा की, अपयशाला भाव चढतो. त्यासाठी ते पुरेसे जुने आणि पुरेसे संपूर्ण असावे लागते.

रंगाबाबत माशाचे मत कोणी विचारात घेत नाही. बासच्या डोळ्याला मुख्यतः लाल आणि हिरवा हे दोनच रंग नीट कळतात. गडद निळा आणि काळा यांतला फरक त्याला जड जातो. शिवाय लाल रंग पाण्यात थोड्याच खोलीवर विझतो. संग्राहकाला मात्र हिरव्याच्या चार छटा दिव्याशिवाय ओळखता येतात आणि त्यातली चौथी छटा आपल्याकडे नाही, हे झोपेतही आठवते.

दुसरे अंग डोळे आणि लोखंड. सुरुवातीच्या लाकडी माशांना काचेचे डोळे असत. पुढे खर्च वाचवण्यासाठी ते रंगवले जाऊ लागले. गळ अंगाला कसा जोडला आहे, यावरून ल्युअरचा काळ ठरतो. हेडनच्या जोडणीचे प्रकार संग्राहकाला वंशावळीसारखे पाठ असतात. त्यातल्या एका दोन तुकड्यांच्या जोडणीला तिच्या आकारावरून ‘टॉयलेट सीट’ म्हणतात आणि सभ्य माणसे हा शब्द भिंग डोळ्याला लावून गंभीरपणे उच्चारतात. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा आरबोगास्ट कंपनीच्या ‘जिटरबग’ या ल्युअरचा पसरट धातूचा ओठ प्लास्टिकचा झाला. त्या काळी ती नाइलाजाची तडजोड होती. आज त्या प्लास्टिकच्या ओठासाठी जास्त पैसे मोजले जातात.

तिसरे अंग खोका, आणि इथे या माणसाचा खरा कस लागतो. जुने खोके सरकत्या झाकणाचे, लाकडी असत. पुढे पुठ्ठ्याचे आले. हेडनच्या खोक्यावर उसळी मारणाऱ्या माशाचे चित्र असे. त्याचे तोंड खाली असेल तर खोका एका काळातला, वर असेल तर दुसऱ्या. खोक्याच्या टोकाच्या पट्टीवर ल्युअरचा आणि रंगाचा क्रमांक छापलेला असतो. हा क्रमांक आतल्या माशाशी जुळलाच पाहिजे. पत्रिका जुळवणाऱ्या ज्योतिष्याकडे एखादा दोष शांतीने भागतो, इथे भागत नाही. आत घातलेला माहितीचा कागदही जपलेला असावा लागतो. पुठ्ठा फेकून देणे हा ल्युअर विकत घेणाऱ्याचा स्वाभाविक धर्म असल्याने अनेकदा खोका आतल्या मालापेक्षा महाग पडतो. रिकामे खोके स्वतंत्रपणे विकले जातात. त्यांत काहीच नाही, अशी तक्रार करण्याची पद्धत नाही.

चौथे अंग दर्जा. 1976 साली नॅशनल फिशिंग ल्युअर कलेक्टर्स क्लब स्थापन झाला. त्याच्या पद्धतीनुसार ल्युअरची अवस्था एक ते दहा अशा गुणांत मोजली जाते. दहा गुणांचा ल्युअर म्हणजे न वापरलेला, खोक्यातला. गळाने पाठीवर काढलेले ओरखडे, रंगाला गेलेले तडे, नंतर बदललेले गळ, हे सगळे दोष. रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या खोट्या अळ्या ल्युअरसोबत एकाच डब्यात राहिल्या, तर त्यातला तेलकट पदार्थ कडक प्लास्टिकचा मासा विरघळवून टाकतो, हाही दोष. सर्वांत वाईट दोष म्हणजे दातांच्या खुणा: ल्युअरने आपले काम चोख केले, याचा तो एकमेव लेखी पुरावा आणि त्याचेच गुण कापले जातात.

हे काम सर्वांत चोख झाले ते असे: जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारे 10 किलोंचा, बास पकडला. वजनाचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची फक्त बरोबरी झाली. पेरी आणि त्याचा सोबती यांच्यात मिळून एक काठी आणि एकच ल्युअर होता, असे सांगतात. मासा घरी नेऊन खाल्ला गेला. ल्युअर क्रीक चब कंपनीचा होता एवढे मान्य आहे. नेमका कोणता, यावर हजारो ल्युअर बाळगणारे लोक अजून वाद घालतात. एका ल्युअरवर माणसाचे भागते, हा त्या घटनेतला मुद्दा चर्चेला येत नाही.

या जातीचे पोटप्रकार अनेक. कोणी एकाच कंपनीचे ल्युअर घेतो, कोणी एकाच नमुन्याचे सगळे रंग, कोणी सगळ्या नमुन्यांतला फक्त बेडूक-रंग. शेवटचा एक तेवढा मिळायचा राहिला आहे, हे विधान सगळ्यांना समान आहे; तो मिळाला की जुन्या सूचीत आणखी एक सापडतो. किमती प्रत्येकाकडे दोन असतात: विमा कंपनीला सांगायची आणि घरात सांगायची. हॅस्केलचा दहा इंची तांब्याचा मासा 2003 साली लिलावात 1,01,200 डॉलरना गेला, तेव्हापासून घरातल्या किमतीची भीती वाढली आहे.

संग्राहकाच्या पश्चात संग्रह मुलांकडे येतो. त्यांना तो जुन्या खेळण्यांचा ढीग वाटतो, म्हणून घरातली किंमत धरून तो अंगणात विकायला मांडतात. सकाळी सर्वांत आधी हजर झालेला गिऱ्हाईक चेहरा निर्विकार ठेवून एकच प्रश्न विचारतो: खोके आहेत का?