टारफुल्याचे सहलेखक

टारफुला हे ज्वारीच्या शेतातलं एक निगरगट्ट तण. ज्वारीच्या मुळांत घुसतं आणि तिच्या जिवावर मजेत फुलतं. त्यावर मी शोधनिबंध लिहिला. नमुने गोळा करायला उन्हातान्हात करमाळ्यापर्यंत गेलो. आमच्या विभागातच ते मुबलक आहेत, हे पुढे कळलं.

त्याचं असं आहे, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांप्रमाणे दोनपेक्षा जास्त लेखक असले तर मुख्य लेखकाला 70 टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30 टक्के. प्रत्येकी! म्हणजे नावं कितीही वाढवा, कुणाच्या खिशातून काही जात नाही. विभागप्रमुख आले, उपप्राचार्य आले, कुणाची तरी पदोन्नती अडली होती तीही आली. अमेरिकेत जॅक हेदरिंग्टन यांनी 1975 मध्ये आपल्या सयामी मांजराला सहलेखक केलं होतं. त्या मांजराने निदान 'माझं नाव आधी टाका' असा हट्ट धरला नसावा.

नियतकालिक 'आंतरराष्ट्रीय' होतं. यूपीआयने फी भरली आणि चारच दिवसांत मेल आला : आपण नामवंत तज्ज्ञ आहात, सोबतचा निबंध तपासून द्यावा. लेखकाचं नाव नियमानुसार झाकलेलं. पण तिसऱ्या छायाचित्रात टारफुल्याशेजारी एक चप्पल दिसत होती. अंगठा तुटलेली, तारेने बांधलेली. माझीच.

संपादकांना फोन लावला. "अहो, हा माझाच निबंध आहे."

"मग तर उत्तमच की सर! विषय तुम्हाला माहीत आहे."

ह्युंग-इन मून या बिचाऱ्या कोरियन संशोधकाला स्वतःचेच निबंध तपासण्यासाठी खोटे ईमेल पत्ते तयार करावे लागले होते. अभिप्राय चोवीस तासांत यायला लागले आणि 2012 मध्ये बिंग फुटलं. मला सगळं घरपोच. तेव्हा मी मुद्दाम आठवडाभर थांबलो आणि शहाण्यासारखं कडक तपासलं : नमुने अपुरे, निष्कर्ष ओढूनताणून, इंग्रजी अगाध. छापू नये.

दुसऱ्या दिवशी निबंध छापून आला. एक स्वल्पविरामही हलला नव्हता.

शेऱ्यांची प्रत सगळ्या लेखकांना गेली. विभागप्रमुखांनी निबंध कधी उघडला नव्हता, शेरे मात्र ओळ न ओळ वाचले. संतापून माझ्या टेबलाशी आले.

"कोण हो हा परीक्षक? गाढवाने आयुष्यात शेत बघितलं नसेल!"

"नसेल, सर," मी म्हणालो.