हाजरा फॉल

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. आमच्या सासऱ्यांच्या पत्रिकेत दहावा मी आणि अकरावे माझे पुण्याचे साडू. गेल्या दिवाळीत त्यांनी कोरेगाव पार्कात प्यालेल्या एका कॉकटेलवर पाऊण तास घेतला. बर्फाचा एकच भलामोठा खडा कसा होता, ग्लासावर संत्र्याची साल कशी पिळली, आणि बिल किती आलं, हे तर तीनदा. शेवटी म्हणाले, "तुमच्या गोंदियाला हे कुठून मिळणार म्हणा!"

"मे महिन्यात या," मी म्हणालो. "घरीच पाजतो."

एरवी बाटलीचं नाव काढलं की आमची ही तोंड फिरवते. त्या दिवशी तिनं चक्क मान डोलावली. प्रश्न दारूचा नव्हता, धाकट्या बहिणीचा होता.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, म्हणून प्यायलाही परवाना लागतो. माझा हजार रुपयांचा, तहहयात. सरकार तो देतं प्रकृती राखण्यासाठी. कडक दारूला वय पंचवीस पूर्ण लागतं. बार्टेंडरच्या सगळ्या पात्रतांपैकी माझ्याजवळ ही एकच होती, तीही दुपटीहून जास्त.

बाकीचं मोबाइलवर शिकलो. या विद्येचं पहिलं पुस्तक अमेरिकेतल्या जेरी थॉमसनं १८६२ साली छापलं. हा गृहस्थ पेटती व्हिस्की या मगातून त्या मगात उंचावरून ओतून दाखवायचा. गोरेलाल चौकातला कोणताही चहावाला तेच करतो, फक्त त्याची आग खाली असते. आणि 'पंच' नावाचं जे पेय साहेबानं जगभर नेलं, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या १६३२ च्या पत्रात सापडतं. त्याचं नाव आपल्या 'पाच'वरूनच पडलं असं पुष्कळ जण मानतात. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला, हे ते पाच. मी हे मोठ्या अभिमानानं हिला सांगितलं.

"दारू सोडली तर सरबतच झालं की," ही म्हणाली.

सामानाची तऱ्हा वेगळीच. साठ मिलिलिटर मोजायला लागतं ते चिमुकलं माप नव्हतं, तेव्हा नातवाच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं. त्यावर दहापर्यंत रेघा, म्हणजे एका पेगला सहा टोपणं. पुदिना कुटायला खलातला बत्ता, गाळायला चहाची गाळणी. शेकर म्हणून फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा, प्रवासात वांग्याची भाजी न्यायचा. चिंचेनं तीनदा घासला, तरी वांग्यानं जागा सोडली नाही. शेजारच्या पोराला पुदिना आणायला धाडलं तर तो सांबार घेऊन आला. (पुण्याच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीचा काही संबंध नाही.) तेवढ्या एका संध्याकाळी मी जगातला पहिला सांबारवाला मोहितो प्यालो. वरून शेव भुरभुरली असती तर भेळ झाली असती.

खरी अडचण बर्फाची. पुस्तकी हिशेब असा, की दारू बर्फासोबत दहा-पंधरा सेकंद हलवली की ती गार होते आणि बर्फ वितळून पेयात जवळपास चौथा हिस्सा पाणी मिसळतं. ते पाणी मोजकंच उतरलं पाहिजे. दूधवाल्याला ज्या कामासाठी आपण पिढ्यानपिढ्या शिव्या घालतो, त्याच कामाला मोठ्या हॉटेलात पगार मिळतो! पण गोंदियात मेमध्ये पारा पंचेचाळिसाकडे निघालेला. फ्रिजपासून ओट्यापर्यंत येतायेताच खडे घाम टाकायचे. त्यात आतली हवा गार होऊन आक्रसली, की डब्याचं झाकण असं गच्च बसे की उंबऱ्यावर आपटावं लागे. दहाव्या दिवशी घरात बाटली कमी आणि पोचे जास्त झाले.

ही तालीम एकदा सालेकशाकडून मोहफुलं आणि चारोळी विकायला येणाऱ्या बाईनं पाहिली. टोपली खाली ठेवून ती बराच वेळ माझ्या दंडांकडे बघत होती.

"दारूले एवढी हालवून काहून राहिले जी?" तिनं विचारलं. "थे आपोआपच मानसाले हालवते."

माझं लक्ष तिच्या टोपलीकडे गेलं. मोहाची फुलं पहाटे गळतात तेव्हा मोत्यासारखी टपोरी, पांढुरकी असतात. उन्हात वाळली की मनुक्यासारखी तपकिरी, आणि वास असा की हात धुतला तरी संध्याकाळपर्यंत बोटांना राहतो. आमची ही त्यांच्या पुऱ्या करते. गोव्यात मोहाची दारू झोकदार बाटलीत भरून विकतात, हे मी वाचलं होतं. आमच्याकडे त्या दारूचं नाव काढलं की आधी पोलीस आठवतात. पण पाकाला कोण अडवतंय? हिनं दोन मुठी फुलं निवडली, गंजात शिजवली, फडक्यातून पिळली आणि मधासारखा दाट पाक करून दिला. संत्र्यांच्या विदर्भात मेमध्ये संत्रं मिळत नाही, म्हणून साल लिंबाचीच.

साडू मेहुणीला घेऊन महाराष्ट्र एक्सप्रेसनं आले. ही गाडी कोल्हापुराहून निघते, एक दिवस आणि एक रात्र धावते, तरी महाराष्ट्राबाहेर पडत नाही. उतरले तेव्हा साडूंच्या तोंडून शब्दही बाहेर पडायच्या स्थितीत नव्हता. संध्याकाळी मी गच्चीवर मांड ठोकली. व्हिस्की सहा टोपणं, लिंबू दोन, मोहाचा पाक दोन. डबा खांद्यावर घेऊन बारा आकडे मोजले, उंबऱ्यावर एक ठोका, चहाच्या गाळणीतून ग्लासात.

साडूंनी घोट घेतला. डोळे मिटले. मी श्वास रोखून धरला.

"गोड आहे, पण साखर नाही," ते म्हणाले. "आणि मागून काहीतरी येतंय. धुरकट. भाजल्यासारखं. काय घातलंय?"

"तेच तर गुपित आहे," मी म्हणालो.

"नाव काय याचं?"

नावाचा विचारच केला नव्हता. सालेकशाची बाई डोळ्यांपुढे आली आणि तिच्यामागून दरेकशाचा धबधबा. "हाजरा फॉल," मी ठोकून दिलं.

तिसऱ्या ग्लासानंतर जिना उतरताना साडूंना नावाचा अर्थ कळला. शेवटच्या तीन पायऱ्या त्यांनी एकत्रच घेतल्या. लागलं काही नाही.

चौथ्या दिवशी परतीची गाडी. हिनं बहिणीला पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून दिली. डबा कोणता, हे मी स्टेशनवर पाहिलं, तोवर गाडी हलली होती.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन. "ताई, भाजी मस्त होती गं," मेहुणी सांगत होती. "पण डबा उघडला, यांनी एक वास घेतला आणि जे गप्प झाले, ते अकोला आलं तरी तोंड उघडेनात."