वाढत्या अंगाचं हेल्मेट

बीडकडचा मामा भाच्यांसाठी कुठलीच वस्तू आजच्या मापाची घेत नाही. पाचवीत घेतलेला गणवेश भाचीला सातवीत अंगाला येतो, आठवीत शोभतो आणि नववीत धाकटीकडे जातो. नव्या बुटाच्या टोकात कापसाचा बोळा, फ्रॉकच्या खालच्या दुमडीत चार बोटं राखलेलं कापड. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं, "वाढतं अंग हाय पोरीचं." यात कंजूषपणा नाही. ज्या घरात कापसाचा नाहीतर सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, तिथं खरेदीही एकदाच होते आणि ती पुढच्या दोन दुष्काळांना पुरवावी लागते. मामा पाटोद्याचा असो, केजचा असो की गेवराईचा, माप सांगताना त्याच्या डोळ्यापुढं पोरगी कायम सोळा वर्षांची असते.

कपड्यांत हे खपून जायचं. पण उन्हाळ्याची सुटी लागते, महाबळेश्वर-पाचगणीला जायला बोलेरो ठरते, आणि नऊ वर्षांची भाची जाहीर करते की घोड्यावर बसणार नाही, गो-कार्ट चालवणार. मामा ती काय चीज आहे ते मोबाइलवर पाहून घेतो. दार नाही, टप नाही, जमिनीला लागूनच बूड, पाठीमागं इंजिन. तो जरा बिचकतो. मग कुणीतरी त्याला सांगतं की पहिली गो-कार्ट 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिरानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून बनवली. मामा एकदम सैलावतो. "म्हणजे आपल्या फवारणी पंपाचंच इंजिन की!"

हेल्मेट मात्र तो मनावर घेतो, आणि तेही डोकं फुटेल म्हणून नाही, उवा होतील म्हणून. ट्रॅकवर भाड्याचं हेल्मेट सकाळपासून किती डोक्यांवरून फिरलेलं असतं कुणास ठाऊक. "पुण्या-मुंबईच्या उवा आपल्या पोरीच्या डोक्यात कशाला?" असं म्हणून मामा स्वतःचं हेल्मेट घ्यायचं ठरवतो.

इथं मामाचं आणि हेल्मेटचं जुनं नातं सांगितलं पाहिजे. त्याच्याकडं एक आहे, गाडीसोबत आलेलं. ते आरशाला लटकतं आणि त्यातून बाजाराच्या दिवशी लिंबं आणि कोथिंबीर येते. 2016 साली तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असं जाहीर केलं, तेव्हा पंपावर एकच हेल्मेट अख्ख्या रांगेत कसं फिरलं, हा किस्सा मामा अजून रंगवून सांगतो. (उवांचा विषय तेव्हा निघाला नव्हता.)

असा हा माणूस धुळे-सोलापूर हायवेच्या कडेला, दोरीला टांगलेल्या हेल्मेटांपुढं गाडी लावतो. भाची घरी. दोन्ही तळहात हवेत धरून तो विक्रेत्याला सांगतो, "एवढं असंल डोकं," आणि मग वाढत्या अंगाचं म्हणून तळहात आणखी दोन बोटं लांब नेतो. हेल्मेट बोटानं वाजवून पाहतो. रंग गुलाबी, वर फुलपाखरू. शेवटी सराईतपणे विचारतो, "आयएसआय हाय ना?"

"हाय की. कुठं लावू?" विक्रेता स्टिकर काढत म्हणतो.

आता 1 जून 2021 पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय विकताच येत नाही. चिन्हावर आयएस 4151 हा आकडा आणि खाली परवाना क्रमांक हवा, आणि तो क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. पण मोबाइलवर दिवसभर कांद्याचे भाव बघणाऱ्या मामाला एवढ्या कामासाठी मोबाइल काढणं अपमानाचं वाटतं. माणसाच्या तोंडाकडं बघून माल ओळखतो, असं त्याचं म्हणणं.

घरी हेल्मेट भाचीच्या डोक्यावर चढतं. ती मान डावीकडं वळवते. हेल्मेट समोरच बघत राहतं. ती खाली वाकते. हेल्मेट तिच्याआधी खाली पोचतं. मामा समाधानानं म्हणतो, "सहावीत गेली की बसंल बरोबर. तवर आत टॉवेल घालू."

इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या समजावून बघतो. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा थर असतो, आदळल्यावर तो चेपतो आणि डोक्याचा मार स्वतःवर घेतो. डोकं त्याला नीट टेकलेलं असलं तरच हे जमतं. मध्ये पोकळी राहिली की डोकं आतल्या आत आपटतं, आणि सैल हेल्मेट तर धडकेत निघूनही जातं. शिवाय तो थर एकदाच चेपतो. मोठा मार खाल्लेलं हेल्मेट वरून कितीही चकाचक दिसलं तरी टाकून द्यायचं. मामा मान डोलावतो, पण त्याला काही पटलेलं नसतं.

पटवते ती बहीण. मामा भावकीतल्या प्रत्येक लग्नात फेटे बांधतो, त्याच्या हातचा फेटा वरातीत तीन तास नाचलं तरी हलत नाही. बहीण चहाचा कप ठेवते आणि विचारते, "दादा, नवरदेवाचा फेटा तू वाढत्या डोक्याचा बांधतोस का रे?"

मामा गप्प होतो. मग पुतण्याला म्हणतो, "शिंप्याकडून टेप आण."

माप घ्यायची रीत सोपी आहे. भुवयांच्या वर बोट-दोन बोटं जागा सोडून, मागं डोकं जिथं सगळ्यात जास्त फुगीर असतं तिथून फीत फिरवायची, आणि सेंटिमीटरचा आकडा कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. ते हातानं हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्टा लावून मागच्या कडेनं वर ढकललं तर निघता कामा नये. हे सगळं मामा आता मन लावून करतो. फेटेवाला आहे, डोक्याची पारख त्याला उपजतच आहे.

वजनाचं मात्र त्याला पुन्हा सांगावं लागतं, कारण जड ते टिकाऊ अशी त्याची ठाम समजूत. मोठ्या माणसाचं दीड किलोचं हेल्मेट नऊ वर्षांच्या मानेवर ठेवलं, की गाडी गचकन थांबल्यावर त्या वजनाचा झटका सगळा मानेला बसतो. पहिली गो-कार्ट बनली त्याच 1956 साली अमेरिकेत पीट स्नेल हा हौशी शर्यतपटू हेल्मेट असूनही डोक्याला मार लागून गेला. त्याच्या नावानं 1957 मध्ये संस्था निघाली, आणि तिनं आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेबरोबर 2007 मध्ये खास मुलांच्या शर्यतींसाठी 'सीएमआर' हे हलक्या हेल्मेटचं मानक ठरवलं. कोल्हापूरला मोहित्यांच्या गो-कार्ट ट्रॅकवर पोरं शर्यतीचे धडे घेतात, त्यांच्या आईबापांनी असं हेल्मेट शोधावं. पाचगणीच्या दोन चकरांना मुलांच्या मापाचं, हनुवटी झाकणारं, काच असलेलं, अस्सल आयएसआयचं हेल्मेट चालेल. उवांसाठी आतून सुती टोपी घालावी, मामाचंही समाधान होतं.

आणि वेण्या. इथं मामाची थट्टा थांबवतो. गो-कार्टचं इंजिन पाठीशी असतं आणि मागचा आस उघडा फिरतो. 2018 च्या फेब्रुवारीत हरियाणातल्या पिंजोरला एका तरुणीचे केस त्यात अडकले आणि ती गेली. 2020 मध्ये हैदराबादला तेच घडलं. हेल्मेटमधून बाहेर लोंबणारी वेणी, ओढणी, स्कार्फ यांतलं काहीही नको. एकच वेणी मानेपाशी सैल घालून शर्टाच्या आत खोचायची. डोक्यावर अंबाडा बांधला तर हेल्मेटच बसत नाही. म्हणून माप घेतानाही केस त्या दिवशी बांधणार तसेच बांधलेले हवेत.

सहल होते. भाची मामाला दोनदा मागं टाकते. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात, कडेला टायरची भिंत असते. बीडला परतल्यावर तीच भाची मामाच्या मोटारसायकलवर मागं बसून, उघड्या डोक्यानं, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या शेजारून शाळेला जाते. हेल्मेट कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. "खराब होईल ना." कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला मोटारसायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे, त्याहून लहान लेकराला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. हे मामाला माहीत आहे. कायदा फक्त चौकात पोलीस दिसला की आठवतो.

तेव्हा तुमच्या घरातला मामा हेल्मेट आणायला निघाला असेल, तर त्याला दारातच थांबवा आणि लेकराला सोबत पाठवा. मापाला डोकं लागतं.